पहिलीतला फ्रॉक

शाळा उघडायच्या आठवड्यात तिच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीला उभा आरसा आणि आरशासमोर मुलांना उभं करायला एक बुटकं स्टूल. नवे कपडे ती क्वचितच शिवायची. तिचं काम उसवायचं, सोडायचं, आवळायचं. कोणी काहीही घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अर्धा इंच सोडू की एक?" म्हणून गल्लीत तिला अर्धा इंचवाली म्हणत. तोंडावर अर्थातच मावशी.

त्या आठवड्यात आया यायच्या त्या मागच्या वर्षीचे गणवेश घेऊन, आणि चेहरे असे की घरात चोरी झाली आहे.

"मावशी, सुट्टी लागली तेव्हा गुडघ्याखाली होता हो. आता बघा."

"मग? पोर आहे, खांब नाही. वाढणारच."

"पण इतक्यात?"

"म्हणजे काय, तुम्हाला विचारून वाढायचं होतं?" खडूची रेघ ओढत ती म्हणायची. "सरळ उभी राहा ग. आईचं तोंड बघून पोक काढू नकोस."

आयांना झापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त तिच्या स्वतःच्या घरात मुलगी वाढत नव्हती.

मुलीला घरात पिटुकली म्हणत, हाक मारताना पिटू. पिटू पहिलीत जाणार म्हणून आईने तिला गणवेशाचा निळा फ्रॉक शिवला आणि खाली एकावर एक सात दुमडी घातल्या. घेर इतका जड झाला की पोर चालली की पडदा सरकल्यासारखा आवाज यायचा. पहिल्या दिवशी ती शाळेच्या फाटकातून आत गेली ती मागे वळून न बघताच. आई दुकानात परतली आणि एका गिऱ्हाइकाची पँट पायापासून उसवायला बसली ती कमरेपर्यंत उसवूनच थांबली. पुढच्या वर्षी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी फ्रॉक घालून पाहिला तर गुडघे बाहेर. सुट्टीभर रोज जेवायला घातलेली मुलगी ही नव्हेच, असं तिला वाटलं.

असं पुन्हा वाटू द्यायचं नाही, हे तिने ठरवलं. मग अधूनमधून, पिटू खेळायला गेली की, ती दुमड थोडीशी उसवायची, जुन्या घडीची रेघ जावी म्हणून तिच्यावरून व्हिनेगरचं बोट फिरवून गरम इस्त्री दाबायची, तुरपाई करायची आणि फ्रॉक खुंटीला अडकवून द्यायची. बाजूच्या शिवणींतही तिने कापड आत दाबून ठेवलं होतं, तेही सुटत गेलं. मापाला टेप कधी घेतला नाही. बोटानेच मापायची. टेप लावला की आकडा कळतो.

फ्रॉक बारा महिने गुडघ्यावर बसायचा, बरोब्बर. पिटू पाचवीत जायला निघाली तरी तोच फ्रॉक, आणि तो मापाला होता याचा अर्थ घरादाराने एकच काढला.

"पहिलीतला आहे," तिचे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते शहराच्या बसवर कंडक्टर होते. "आहे तेवढीच आहे आमची पिटू."

अडचण एवढीच होती की घर नीट वागेना. ज्या फळीखालून पिटू खुशाल ये-जा करायची ती फळी तिच्या कपाळाला लागू लागली. फळी खाली आली म्हणून बाबांनी ती काढून वीतभर वर ठोकली. पाय गादीबाहेर यायला लागले तेव्हा गादीतला कापूस आटला असं ठरलं. बूट चावायला लागले की बाबा म्हणत, "चामडं आकसतं. माणसाने काय करायचं?" शेवटी दाराची चौकट पिटूला पूर्वीपेक्षा जवळ वाटते असं निघालं, तेव्हा घर खचतंय म्हणून त्यांनी गवंड्याला आणलं.

गवंड्याने पातळी बघायची पाण्याची नळी लावून चारी कोपरे पाहिले. "घर जागच्या जागी आहे. तुमची पोरगीच उंच झालीय."

"तिचा फ्रॉक बघा," बाबा शांतपणे म्हणाले. "पहिलीतला आहे."

गवंड्याने फ्रॉक पाहिला. मग पुन्हा नळी लावली आणि या खेपेला त्याला एक कोपरा थोडा खाली सापडला.

हे सगळं अर्धा इंचवाली मशीनवरून ऐकत होती. खरं सांगायचं तर तो कोपरा तिलाही जरा खाली वाटायला लागला होता.

पिटूचं दुःख मात्र घराचं नव्हतं, ड्रमचं होतं. शाळेचा बँड होता आणि त्यातला मोठा ड्रम पाचवीतल्या सगळ्यांत जास्त वाढलेल्या मुलीला मिळे. पहिल्या दिवशी कवायतीच्या बाई मुलींना रांगेत उभं करत आणि गुडघ्यांकडे बघत जात. फ्रॉक वर गेलेला दिसला की हातात चिठ्ठी ठेवत: लांबी सोडून आणणे. ज्या मुलीचा फ्रॉक सगळ्यांत वर, तिचा ड्रम. डोक्याकडे बाई बघतच नसत. मुली टाचा उंचावतात, फ्रॉक उंचावत नाही, असं त्यांचं म्हणणं. पिटूला आजवर एकही चिठ्ठी मिळाली नव्हती. ती बुटक्यांच्या रांगेत उभी राहायची, तिचं डोकं सगळ्यांच्या वर, आणि बाई दरवर्षी तिच्याजवळ येऊन म्हणायच्या, "टाचा खाली."

ती दूध प्यायली, दाराच्या चौकटीला लोंबकळली, उशीशिवाय झोपली. फ्रॉक हलला नाही.

यंदा शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक जरा ओसरल्यावर, आईने खुंटीवरून फ्रॉक काढला आणि दुमड उसवायला घेतली. बोटाला दुमड लागेना. तिने घेर फिरवून फिरवून पाहिला. शेवटची कधी सोडली ते तिला आठवतही नव्हतं. शिवणींतही आता दोऱ्यापुरतं कापड उरलं होतं. मग तिने तुकड्यांच्या पिशवीत तशाच निळ्या कापडाची पट्टी शोधली. मिळालीही. ती पट्टी घेराला लावून बघतच होती, तेवढ्यात पिटू आत आली आणि स्टुलावर बसली.

"आई, मी बाईंना सांगणार आहे, मला ड्रम नको."

"का ग?"

"तो लोखंडी त्रिकोण असतो ना, टिंग वाजवायचा. तो बारक्या मुलींना देतात. तो मिळाला तरी बास." मग म्हणाली, "मी असलीच राहणार का ग? रागाने नाही, नुसतं विचारतेय."

आईच्या हातातली पट्टी खाली पडली. तिने ती उचलली नाही. दार लोटून कडी घातली, फ्रॉक टेबलावर पसरला आणि इस्त्रीची वाफ सोडली. वाफ लागली तशा घालवलेल्या रेघा वर आल्या, खालपासून वरपर्यंत, एकीवर एक. त्या रेघांवरून तिने दुमडी पुन्हा घालायला सुरुवात केली. एक, मग तिच्यावर दुसरी. टाचण्या लावत लावत, बाजूच्या शिवणीही आत घेत, ती पहिलीच्या मापापर्यंत पोचली.

"घाल."

फ्रॉक खांद्यांपाशीच अडकला. ओढूनताणून उतरला तो कमरेवर येऊन थांबला. पिटूने आरशात पाहिलं.

"हे काय आहे?"

"तुझा फ्रॉक. पहिलीतला."

"मग इतके दिवस घालत होते तो?"

"तोही हाच." आई टाचण्यांची डबी झाकू लागली, झाकण बसेना. "मी सोडत गेले. थोडा थोडा. एकदम तुझे गुडघे दिसले ना, की मला कसंतरी होतं."

पिटू एकेका रेघेवर बोट ठेवत खाली आली.

"म्हणजे मी उंच होते."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"त्या गवंड्याच्या वेळीही?"

"त्या वेळी मला घराचीही थोडी शंका होती."

पिटूला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तिने तोंड फिरवलं, पण समोर आरसाच होता. "मला दोन वर्षांपूर्वीच्या रेघेवर करून दे," ती म्हणाली. "गुडघ्याच्या चांगला वर. मला चिठ्ठी पाहिजे."

"लोक काय म्हणतील? अर्धा इंचवालीच्या मुलीचा फ्रॉक आखूड?"

"म्हणू देत."

आईने बाजूच्या शिवणी पुन्हा मोकळ्या केल्या आणि फक्त खालून दोन वर्षांची दुमड घातली. तुरपाई करताना दोनदा सुई बोटात शिरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आधी बाबा घरी आले. खुर्चीत बसले, टोपी काढली आणि बराच वेळ ती फिरवत राहिले.

"सकाळी एक मुलगी चढली बसमध्ये," ते म्हणाले. "उंच. मी म्हटलं, ताई, दांडा धरा, पुढे सरका. पूर्ण तिकीट फाडलं. ती म्हणाली, बाबा, मी आहे."

"मग?"

"मग काय, तिकीट फाडलेलं होतं." त्यांनी फळीकडे पाहिलं. "घर खचलं नाही तर."

"नाही."

"गवंडी पहिल्यांदा बरोबर होता," असं म्हणून त्यांनी हातोडा आणला आणि फळी काढून जुन्या खिळ्यांवर बसवली.

पिटू आली तीच पळत. हातात चिठ्ठी होती. ती दाखवायला ती स्वयंपाकघराकडे धावली आणि फळी तिच्या कपाळाला लागली. कपाळ चोळत ती हसतच राहिली. "ड्रम," एवढंच म्हणाली, आणि चिठ्ठी मशीनवर ठेवून स्टुलावर उभी राहिली, गिऱ्हाइकासारखी.

आईने चिठ्ठी वाचली. बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आश्चर्यकारक वाढ. पालकांनी लक्ष द्यावे.

"हा फ्रॉक पुरे आता," पिटू म्हणाली. "नवीन शीव. माप घे."

"बोटाने घेते."

"टेपने."

आईने गळ्यातला टेप काढला. आजवर मुलांचं माप ती गुडघ्यावर बसून, मान खाली घालून घेत असे. आज पिटू स्टुलावर आणि खांद्याला टेप लावायचा तर तिला हात वर करावा लागला. "खाली उतर," ती म्हणाली. पिटू उतरली, तरी हात फारसा खाली आला नाही. आकडा तिने मोठ्याने वाचला नाही, पण वाचला.

"दुमड किती ठेवू?"

"अर्धा इंच."

"दीड ठेवू दे ग. वर्षभर जायला नको?"

"अर्धा. मला चिठ्ठ्या पाहिजेत."

"बरं, अर्धा," आई म्हणाली, आणि पिटू कपडे बदलायला आत गेल्यावर कापडावर खडूने रेघ ओढताना पाऊण ठेवला.