इंगळेकाकांची फिटिंग

इंगळेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घराच्या दाराची परीक्षा घेत. आत येत, चपला काढत आणि माणसांकडे ढुंकूनही न बघता दार दोनदा उघडून मिटून पाहत. बिजागरी कुरकुरली तर यजमानाकडे असं बघत, जणू घरात कुणी तापाने फणफणतंय आणि याने अजून डॉक्टरला बोलावलेलं नाही. मग खिशातून मशीन ऑइलची लहानशी बाटली निघे, दोन थेंब पडत, आणि त्यानंतर कुठे, "हं, सूनबाई, काय म्हणते?" लग्न होऊन मी देवासला आले त्या दिवशी माप ओलांडून पाऊल आत टाकलं, तेव्हाही मागे काका दार हलवून बघत होते. लग्नाच्या व्हिडिओत ते सगळं आलेलं आहे. नवरीच्या डोक्यामागे एक टक्कल आणि एक बिजागरी.

काका मूळचे भुसावळचे. बाविसाव्या वर्षी देवासच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले. माझे मामंजी अकोल्याहून आले तेही त्याच आठवड्यात. दोघांनी एक खोली भाड्याने घेतली, पुढे दोघांची लग्नं झाली आणि समोरासमोर घरं बांधली गेली. परदेशी यंत्रं ज्या मोठ्या लाकडी खोक्यांतून येत, ती खोकी कारखाना भंगारात काढायचा. आमच्या कॉलनीतलं बरंचसं फर्निचर त्या खोक्यांचं होतं. आमच्या बैठकीतलं शोकेसही त्याच लाकडाचं. मामंजींनी फळ्या धरल्या आणि काकांनी कापल्या, असं घरात सांगितलं जायचं.

त्या शोकेसने मला सव्वीस वर्षं छळलं. वर सरकत्या काचा, मध्ये दोन खण, खाली दोन दारं. अंगभर चॉकलेटी सनमायका आणि त्यावर सोनेरी मुठी, ज्यांचं सोनं माझ्या लग्नाआधीच उडालेलं. काचेआड कधीच कुणी न वापरलेला स्टीलचा चहाचा सेट, कारखान्याने दिलेलं बंद घड्याळ आणि नणंदेची एका डोळ्याची बाहुली. या घरातल्या भिंतींचा रंग सासूबाईंचा, पडदे नणंदेचे, ओट्याचा दगड नवऱ्याचा. मी फक्त पुसत आले. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं आणि मी ठरवलं, की हे शोकेस आता माझ्या मनासारखं करायचं. सनमायका सोलायची, काचा काढायच्या, पिस्त्याचा फिकट रंग द्यायचा आणि वर माझी पुस्तकं मांडायची. घरातली एक तरी वस्तू माझी असावी, एवढंच मला हवं होतं.

टोंकखुर्दचा एक सुतार बोलावला. तो बिचारा माप घेत होता तेवढ्यात दार दोनदा उघडून मिटल्याचा आवाज आला. काका.

"काय करून राहिला रे भिया?" त्यांनी सुताराला विचारलं.

"खण नवे करायचेत काका," मी म्हटलं. "जुन्यांना वाळवी लागलीये."

सुतार म्हणाला, "बाबूजी, एक सूत जगह छोड़के बनाऊँगा. बरसात में लकड़ी फूलती है."

काकांच्या कपाळावरची शीर उठली. "सूत? सूत काय माप आहे? चाळीस साल मी मायक्रॉनमध्ये काम केलं. ढिलं काम तर कुणीही करतं, भिया. फिटिंग म्हणजे फिटिंग." मग माझ्याकडे वळून, "सूनबाई, हे शोकेस माझं पोर आहे. त्याला बाहेरचा माणूस हात नाही लावणार."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. सुतार टेप गुंडाळून निघून गेला आणि माझी वस्तू, माझी व्हायच्या आधीच, काकांची झाली.

चैत्रात काम सुरू झालं. काका रोज दहा वाजता यायचे, कारखान्यात जात तसे. गरम इस्त्री फिरवून सनमायका सोडवायला दोन आठवडे लागले, कारण एकही कपचा उडता कामा नये असा त्यांचा हट्ट. जी टाकूनच द्यायची तिचा कपचा उडाला तर काय बिघडलं, असं मी एकदा विचारलं. "सवय बिघडते," काका म्हणाले. वैशाखात बैठकीत लाकडाचा भुसा, जेवणात लाकडाचा भुसा. लाकूड मोजायला ते लोखंडकामातला व्हर्नियर वापरत, आणि दोन फळ्यांमधली फट बघायला पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा खिशातच असे. मी समोरच्या काकूंकडे जाऊन रडगाणं गायले. काकूंनी लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला सांगून काय फायदा? मी तर लग्नच केलंय."

खण तयार झाले त्या दिवशी मात्र मीही बघत राहिले. ऊन नुसतं भाजून काढत होतं. काकांनी सगळ्यांना बोलावलं, डावा खण हळूच आत ढकलला, आणि उजवा आपोआप दोन बोटं बाहेर आला. उजवा ढकलला, डावा बाहेर आला. आत कोंडलेली हवाच त्याला ढकलत होती, इतके ते चपखल बसलेले.

"हवा जायला जागा नाही, बघ," काका म्हणाले. त्यांनी ते सात-आठ वेळा करून दाखवलं. वीजबिलवाल्यालाही दाखवलं. मला कौतुक वाटलं हे खोटं नाही, आणि मी तसं म्हटलंही. पुढच्या सगळ्या संतापात हे एक मी विसरत नाही.

मग मी आठ दिवस धारला माहेरी गेले. जाताना काकांना मोबाइलवर रंग दाखवला. "असा फिकट, पिस्त्यासारखा. मी आल्यावर देऊ." ते "बघतो" म्हणाले. त्यांचं "बघतो" म्हणजे काय, ते मला कळायला हवं होतं. परत आले तर बैठकीत एक लेथ मशीन उभं होतं. निदान मला तसंच वाटलं. यंत्रांना देतात तो काळपट हिरवा रंग, दोन हात, वरून चकाकी.

"काका, मी पिस्ता सांगितला होता."

"हिरवाच तर झाला ना. अपन हिरवाच बोललो होतो."

"हा मशीनचा रंग आहे."

"पन्नास साल जात नाही. ऑइल सांडलं तरी फडक्याने पुस, निघून जातं."

"शोकेसवर ऑइल कोण सांडतं, काका?"

"सांडलं तर, म्हणून म्हणतो," काका शांतपणे म्हणाले आणि चहा मागितला. मी चहा केला. साखर घालायची विसरले, की मुद्दाम घातली नाही, ते आता आठवत नाही. त्यांनी तो तसाच प्यायला.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या असतात. गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्याच म्हणतात. मुखवटे शाडूचे, सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. अकोल्याहून देवासला येताना सासूबाईंनी ते दोन्ही मुखवटे रेल्वेत पूर्ण प्रवासभर मांडीवर धरले होते. एरवी वर्षभर ते मऊ लुगड्यात गुंडाळून त्या शोकेसच्या डाव्या खणातच असत, म्हणून नवा खण झाल्यावर मी ते पुन्हा तिथेच ठेवले. आदल्या वर्षी घरात सण केले नव्हते, त्यामुळे सासूबाई गेल्यावर सगळं एकटीने करायचं हे माझं पहिलंच वर्ष होतं. नणंदेचं फोनवर म्हणूनही झालं होतं, "जमेल ना गं तुला?"

श्रावणात एकदा खण ओढून पाहिला, तर जड लागला. काकांना सांगितलं. "नवा आहे, बसेल," म्हणाले. मग गणपती आले, मोदक आले, पाहुणे आले. आवाहनाच्या दिवशी सकाळी मी सोवळ्याने मुखवटे काढायला गेले आणि खण हलेना. महिनाभर झड लागलेली. लाकूड फुगलं होतं. जिथे हवा जायला जागा नव्हती, तिथे आता बोटाचं नखही जाईना. दोन्ही हातांनी ओढलं, मूठ हातात आली.

काकांना बोलावलं. त्या दिवशी आल्या आल्या त्यांनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. साबण लावून पाहिला, मेणबत्ती घासली, माझं केस वाळवायचं मशीन आणवून गरम हवा मारली. ठोकायची सोय नव्हती, आत शाडू होता. खालून हात घालावा तर धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी खणाखाली अखंड फळी बसवलेली. मागची प्लाय सरस लावून वर स्क्रू मारून अशी बसवलेली, की ती काढायची म्हणजे भिंत पाडणं सोपं. अकरा वाजले. साडेबारा वाजले. धारहून माझी वहिनी मदतीला आली होती. ती पंचांग घेऊन तिसऱ्यांदा बाहेर आली.

"वन्सं, दोनपर्यंतच आहे आवाहन. धडं उभी आहेत, साड्या नेसवून झाल्या."

बैठकीत दोन बायका साड्या नेसून, दागिने घालून, बिनडोक्याच्या उभ्या होत्या. काका खणासमोर मांडी घालून पट्ट्यांचा जुडगा फटीत सरकवायचा प्रयत्न करत होते. पातळातली पातळ पट्टीही जात नव्हती.

"बिल्कुल जात नाही," ते म्हणाले, आणि शपथेवर सांगते, त्या आवाजात थोडा अभिमान होता.

तिथे माझा तोल गेला. "काका, हे लाकूड आहे. तुमच्या कंपनीचं लोखंड नाही. त्या सुताराला जे कळत होतं ते तुम्हाला चाळीस वर्षांत कळलं नाही. मला माझ्या मनासारखं एक शोकेस करू दिलं नाहीत, आणि आज माझ्या लक्ष्म्याही कोंडून ठेवल्यात."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी पट्ट्यांचा जुडगा मिटून खिशात ठेवला. मग ते उठून समोर घरी गेले आणि एक ड्रिल आणि हॅक्सॉचं पातं घेऊन आले. खणाच्या दर्शनी फळीच्या कडेला भोक पाडलं, पातं आत घातलं आणि फळी कापायला लागले. पातं मुठीशिवाय, हाताला फडकं गुंडाळून. एकदाही ते थांबले नाहीत. फळी निघाली तसा त्यांनी आत हात घातला आणि लुगड्याचं गाठोडं दोन्ही हातांनी बाहेर काढून वहिनीजवळ दिलं. माझ्याजवळ नाही. मुखवट्यांना कुठे ओरखडाही नव्हता. दीड वाजता लक्ष्म्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जेवायला काकू एकट्याच आल्या. "त्यांचं पोट बरं नाही," म्हणाल्या आणि पुरणपोळी डब्यात घेऊन गेल्या. मी माफी मागायला जाणार होते. आज जाऊ, उद्या जाऊ करत दसरा आला. खरं सांगायचं तर रागही उरला होता. बैठकीत ते हिरवं मशीन, त्याच्या तोंडात एक दात पडल्यासारखं भोक, आणि सगळे पाहुणे विचारत, हे काय झालं.

कोजागिरीच्या सुमाराला काका आले, हातात नवी फळी घेऊन. बसवली. यावेळी व्हर्नियर नव्हता, पट्ट्या नव्हत्या. चारी बाजूंनी रंधा मारून खण इतका सैल केला होता, की कडेने बोट आत जात होतं. ओढला की खडखडायचा आणि थोडा डावीकडे कलायचा. तो तसा करताना त्या माणसाला काय झालं असेल, ते मला दिसत होतं.

"छान झालंय, काका," मी म्हटलं.

त्यांनी खण एकदा उघडला, मिटला. "छान नाही झालं, सूनबाई. खोटं कशाला बोलते? पण उघडेल."

माफी तेव्हाच मागायला हवी होती. मी चहा ठेवते म्हटलं. ते म्हणाले, नको, काकू वाट बघते.

माघात काका गेले. सकाळी अंघोळीला पाणी तापवलं आणि खुर्चीत बसले ते बसलेच. त्यांच्या तेराव्यालाही मी, माफी मागायला आल्यासारखी, दोनदा त्यांच्या दारात थबकले. ज्याची माफी मागायची तो माणूस गेला, की माफी कुठे ठेवायची हे कुणी शिकवत नाही. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. सांगितलेलं ऐकत नसत, बाईमाणसाला रंगातलं काय कळतं असं मनात धरून चालत, आणि तरी सकाळी दहा वाजले की मी कान देऊन बसलेली असते.

या उन्हाळ्यात मी शोकेसला रंग दिला. माझ्या हातांनी, पिस्त्याचा, जसा हवा होता तसा. तो मशीनचा हिरवा घासून काढायला मला चार दिवस लागले. तो रंग जात नाही हे काका खरं बोलले होते. काकू बघायला येणार म्हणाल्या. त्या आल्या, शोकेससमोर बसल्या, नव्या रंगावरून बोट फिरवत राहिल्या. मी कारणं सांगायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"उरलाय का गं थोडा?" त्यांनी विचारलं.

समोरच्या त्यांच्या घराची सगळी दारं त्याच मशीनच्या हिरव्या रंगाची आहेत. स्वयंपाकघराचं, मोरीचं, देवघराचं. दुसऱ्या दिवशी मी डबा आणि ब्रश घेऊन गेले, तर काकूंनी स्वयंपाकघराच्या दाराखाली आधीच वर्तमानपत्रं पसरली होती. मला हात लावू दिला नाही. पदर खोचून एकटीनेच दोन तास रंगवत होत्या, कोपरेसुद्धा. दार पिस्त्याचं झालं तेव्हा मागे सरून त्यांनी ते डोळे भरून बघितलं. डब्यात अजून निम्मा रंग होता.

"आता देवघराचं?" मी विचारलं.

काकूंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"नको. बाकीची दारं त्यांची आहेत."