खाटली वर उचला

डिंडोलीतल्या त्या खोलीत खाटलीची चौथी बाजू पाच महिने रिकामी होती. खाटली म्हणजे लाकडी चौकट. साडी तिच्यावर ताणून बांधायची, चारी बाजूंनी बायकांनी जमिनीवर मांडी घालायची आणि टिकल्या टाचायच्या. चौथी बाजू कलाबाईची. तिथेच तिचं वय गेलं, तिथेच तिचा खुबा झिजला.

खुब्याचा सांधा बदलला. हाडंही भुसभुशीत निघाली, म्हणून डॉक्टरांनी सोबत जैविक औषध सुरू केलं. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन.

"सांधा धातूचा आहे, मासी," ते म्हणाले, "पण त्याला धरून ठेवणारं हाड तुमचंच. इंजेक्शन चुकवायचं नाही. आणि जमिनीवर बसणं बंद. बसताना गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत."

सून वर्षाने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. "आई, आता आराम. तुमच्या जागी शेजारच्या मयुरीला बसवते."

"मन्हा खुबा बदलना, हात नही," कलाबाई म्हणाली.

नवरा सुकलाल जन्मभर कापडाच्या लूमवर राबलेला. त्याने प्रेमापोटी करवत घेतली आणि घरातल्या एकुलत्या खुर्चीचे पाय कापले, बायकोचा हात खाटलीपर्यंत पोहोचावा म्हणून. कलाबाई बसली तर गुडघे खुब्याच्या वर. डॉक्टरांनी नको म्हटलेली हीच ती बैठक.

"खुर्ची कापी टाकी! आते मन्हा पाय कापशी का?"

सुकलालने करवत पाठीमागे लपवली.

ती काठी टेकत खाटलीपाशी गेली. "खाटली वर उचला."

समोरच्या बाजूची लीला बुलढाण्याकडची, तोंडाने फटकळ. "कलाबाई, तुमच्या एका खुब्यापायी आम्ही उभ्याने टिकल्या टाचायच्या?"

"तुन्हा खुबा अजून शाबूत शे, म्हनीसन बोली ऱ्हायनी."

लीलाने तोंड वाकडं केलं. पण उठताना तिने कमरेवर हात ठेवला, आणि तो खोलीतल्या सगळ्यांनी पाहिला.

सुकलालने चारी कोपऱ्यांखाली विटा रचल्या. बसायला गल्लीच्या टोकाच्या चहावाल्याचे बाक आले. पहिल्या दिवशी साडी निम्मीच झाली. लीला दिवसभर धुसफुसली. संध्याकाळी मात्र बाक परत न्यायला कुणी हलेना.

"पुढच्या महिन्यात तुमचं दुसरं इंजेक्शन," वर्षा म्हणाली. "त्या दिवशी तरी मयुरीला बसवू ना?"

"बसू दे." कलाबाईने सुईत दोरा ओवला. "पन विटाले हात लावू नको."