सातारा ते सांगली, व्हाया सुरक्षा समिती

मनुष्यजातीवरच्या अन्यायांची यादी कोणी करत असेल, तर तीत माझा रुमाल घ्यावा. शनिवारी सातारा स्टँडवर सांगलीची गाडी लागली. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि दारातल्या रेटारेटीत शिरलो. आत पाहतो तर माझ्या जागेवर एक उंच आफ्रिकन तरुण, आणि रुमाल गायब!

"इथं रुमाल होता," मी गरजलो.

"हो काका! कोणी तरी विसरलं होतं. मी कंडक्टरसाहेबांकडे जमा केला."

अख्खी गाडी हसली. कंडक्टरनं रुमाल माझ्या हाती दिला आणि निकालही दिला, "आवं पावनं, रुमाल पडला म्हंजे जागा झाली न्हवं त्यांची! उठा."

तो उठला, मी बसलो. लाज कसली? सांगलीच्या एका कॉलेजात वादविवादाचा अध्यक्ष म्हणून आयुष्यात पहिल्यांदा निघालो होतो. अध्यक्षाला खिडकी हवीच.

तरुणाचं नाव जुमा. टांझानियाचा, पुण्यात शेती शिकता शिकता मराठीही शिकलेला. तोही साताऱ्यात गाडी बदलून त्याच वादविवादाला निघालेला. "पंधरा दिवस भाषण पाठ करतोय. बोलू देतील ना?" उंब्रजपर्यंत तो दांडा धरून विचारात उभा होता. मग एकदम वाकला.

"काका, युनोची सुरक्षा समिती अशीच झाली! महायुद्ध संपताच पाच बड्या देशांनी रुमाल टाकले. आम्ही तेव्हा स्टँडवरसुद्धा नव्हतो. आता अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं तरी आफ्रिकेतल्या एवढ्या देशांना मिळून तीन जागा, त्याही दोन-दोन वर्षं टेकण्यापुरत्या."

"आणि ती?" मी घंटीची दोरी दाखवली.

"तोच नकाराधिकार! आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या राजवटींना आवरायची वेळ आली, की पाचांतला कोणी तरी दोरी ओढतो. गाडी उभी!"

"मग तुम्हाला काय हवं, जागा की दोरी?"

"त्यावरच आमच्यात भांडण. माझा भाऊ म्हणतो, आम्हालाही दोरी द्या. मी म्हणतो, कापून टाका."

"कापू नगा रं," कंडक्टर कळवळला, "मला डायवरपातुर लय चालावं लागंल!"

कऱ्हाडला गाडी बराच वेळ थांबते. कँटीनची कांदाभजी जरूर खा, चहा घरून पिऊन निघा. पुढं दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे उसाच्याच बैलगाड्या. घाई असेल त्यानं उतरून चालावं.

सांगलीत वादविवादाच्या चिटणीसांनी कार्यक्रमपत्रिका दिली. विषय 'सुरक्षा समितीत आफ्रिकेला न्याय'. वक्ते चार, चारही सांगलीचे. जुमाच्या नावापुढं लिहिलं होतं: परदेशी पाहुण्याचे गीत.

"हा बोलणार नाही?"

"नावं आधीच भरली हो, सर."

जुमानं हातातल्या कागदाची घडी फार जपून घातली. मला उंब्रजपर्यंत त्यानं धरलेला दांडा आठवला.

"माझं अध्यक्षीय भाषण अर्ध्या तासाचं आहे," मी म्हणालो. "तेवढा वेळ त्याला द्या."

जुमा उभा राहिला. "आज सकाळी मी एका काकांचा रुमाल उचलला..." सभागृह खो खो हसलं, मग सरसावून ऐकू लागलं आणि शेवटी बाकं वाजवून उठलं. मीही वाजवलं; अध्यक्षाला शोभत नसतानाही.

रविवारी एकाच गाडीनं परत. स्टँडबाहेर भडंग घेतलं (घ्याच!), धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि जुमाला तिथं बसवलं.

"तुम्ही, काका?"

"मला उभ्यानं बरं वाटतं."

साताऱ्याला मी उतरलो, गाडी पुण्याला गेली. घरी बायकोनं गरम पाण्याचं घमेलं पायांशी सरकवलं. "भाषण कसं झालं?"

"उत्तम. टाळ्या थांबेनात."

कपडे धुवायला टाकताना तिनं सगळे खिसे उलटे केले. भाषण घडी न मोडता निघालं. "आणि रुमाल?"

"तो खिडकीशी बसून पुण्याला गेला," मी म्हणालो आणि पाय पाण्यात सोडले.