डाळीने तपासलेला ट्रिगर

आमच्या पार्ल्याच्या एअर पिस्तूल क्लबात नेम कमी लागतो आणि किस्से जास्त जमतात. कारण सोपं आहे. दहा गुण मिळाले तर हात आपला, सात मिळाले तर ट्रिगर खराब! मग सगळे आपापला ट्रिगर घेऊन एकाच माणसाकडे जाणार. आमचा सावंत, राहणार बोरिवली.

*

सावंत नोकरीला बँकेत, पण घरी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून पिस्तुलं खोलायचा. "कडक ट्रिगरने नेम हलतो रे. मी एकदम लोण्यासारखा करून देतो!"

एकदा एक बारकी स्प्रिंग उडाली ती गायबच. शेवटी वहिनींना पोह्यात सापडली.

"खोबरं संपलं म्हणून ही पेरलीत काय?"

*

मीही माझं पिस्तूल त्याला दिलं. रेंजवर उभा राहिलो, बोट नुसतं टेकलं आणि छर्रा थेट छताच्या पत्र्यात! शेजारी आमच्या कोच मॅडम उभ्या होत्या, त्या पांढऱ्याफटक पडल्या.

सावंत म्हणाला, "बघ, काय स्मूथ झालाय!"

आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या. आता आठवलं की लाज वाटते.

*

स्पर्धेत ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. ट्रिगर सुटला की खेळाडू बाद. सावंतची मुलगी मुग्धा राज्याच्या संघासाठी निवड स्पर्धा खेळणार होती, तेव्हा मॅडमनी बजावलं, "तिचं पिस्तूल क्लबच्या वजनावर तपासून घ्या."

"घरी तपासलंय ना, मॅडम! अर्धा किलो तूरडाळीची पिशवी लावून. झकास!"

त्याच पिशवीतली डाळ वहिनींनी आदल्या दिवशी आमटीला काढली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

*

निवड स्पर्धेत मुग्धा पहिली आली. ओरडून ओरडून आमचे घसे बसले. मग मॅचनंतरच्या तपासणीसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात तिचं नाव निघालं. पंचांनी ट्रिगरला वजन अडकवलं, पिस्तूल उचललं.

टक्!

"या ट्रिगरला हात कोणी लावला?" पंचांनी विचारलं.

सावंत तिच्या शेजारीच उभा होता. मी त्याच्या मागे. अख्खा क्लब तिथे हजर होता आणि प्रत्येक जण खाली मान घालून स्वतःचे बूट बघत होता.

मुग्धाने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच, सर. बाबांना यातलं काही कळत नाही."

सावंतने मान डोलावली.