अल्लाबक्षचं रडू

आष्ट्यात लग्न असो, सभा असो नाहीतर मयत, रिक्षावरच्या भोंग्यातून अल्लाबक्ष मुलाणींचाच आवाज यायचा. गेल्या वर्षी त्यांचा घसा धरला आणि डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं. तेव्हा जाहिरातीचं दुकान चालवणाऱ्या जयराजनं त्यांचा आवाज कॉम्प्युटरला शिकवला. मजकूर टाइप केला की अल्लाबक्ष घरात बसायचे आणि त्यांचा आवाज गावभर फिरायचा. त्यांना गंमत वाटायची, थोडा अभिमानही.

एकदा सकाळी ते दारात चहा पीत बसले होते. रिक्षा कोपऱ्यावर आली आणि त्यांचाच आवाज म्हणाला, "आपल्या गावचे केरबा ज्ञानू सावंत यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले आहे."

केरबा. तालमीपासूनचा दोस्त.

शाहजादी, त्यांची बायको, आतून धावत आली. "आवं, मला का न्हाई सांगितलंसा?"

"मलाबी आत्ताच कळलं."

"पर तुमीच तर सांगताय की!"

चपला घालून ते केरबाच्या घरी गेले. बनुबाई, केरबाची बायको, भिंतीला टेकून बसली होती. त्यांना बघताच म्हणाली, "भावजी, यांचं नाव घेताना तुमचा आवाज भरून आला. तवर मला रडूच फुटत नव्हतं. तुमी रडलासा, मग मीबी रडले."

तो मी नव्हे, हे शब्द त्यांच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले.

मयत आटोपून ते थेट जयराजच्या दुकानात गेले. "रडं तू घातलंस व्हय रं त्यात?"

"न्हाई काका. मी नुसतं नाव टाकलं. तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगमधनं त्यानं उचललं असंल."

"म्हंजे माझंच रडू?"

"तसंच म्हणायचं."

"पर कुणाच्या मयताचं?"



रक्षाविसर्जनाची सूचना मात्र मी स्वतः देणार, असा हट्ट धरून ते रिक्षात बसले. माइक हातात घेतला. केरबाचं नाव घेताना आपला आवाज फुटणार याची त्यांना खात्री होती. पण नाव स्वच्छ निघालं, कोरडं, पाणी कधी सुटणार ते सांगावं तसं. ते घाबरले. चौकात कुणीतरी म्हणालं, "परवाचं अल्लाबक्षनं सांगितलं हुतं. आजचं कॉम्प्युटरचं दिसतंय."

पुढं कितीतरी दिवसांनी, बाजारात गवारी निवडता निवडता त्यांना एकाएकी हुंदका आला. भाजीवालीनं विचारलं, "काय झालं वं चाचा?"

"केरबा..." एवढंच ते म्हणाले. मग आपण नक्की त्याच्यासाठीच रडतोय का, हे त्यांना कळेना. गवारीची पिशवी तशीच धरून ते उभे राहिले.