उशिरा आलेल्याचा नियम

"सुजाता गेली रे..." तिच्या वडिलांनी, गुरुजींनी, फोनवर एवढंच सांगितलं. मी किहीमला घरी, संगणकासमोर काम करत बसलो होतो. ती आजारी होती हे ठाऊक होतं. आठच दिवसांपूर्वी काशीदला जाऊन तिला भेटलो होतो. एक गोष्ट कबूल करायची म्हणून गेलो आणि तासभर आंब्यांविषयी बोलून परतलो.

आम्ही एकाच कंपनीत होतो. गाड्या वाहून नेणाऱ्या बोटींसाठी मी प्रोग्राम लिहायचो आणि सुजाता ते तपासायची. तिची तऱ्हा निराळी. बोटीने कसं वागायचं याचे नियम ती आधी गणितासारख्या काटेकोर भाषेत लिहायची. मग तिने बनवलेला एक प्रोग्राम ते नियम वाचून शेकडो चाचण्या आपणहून तयार करायचा आणि माझ्या कामाच्या अंगावर सोडायचा. माणसाच्या डोक्यातही येणार नाही अशा उलटसुलट क्रमाने बटणं दाबून बघायचा. मी त्याला 'सासू' म्हणायचो. "सासू बरी रे," ती हसायची, "खोटं तरी बोलत न्हाय."

काम सोपवायला थोडे दिवस उरले असताना सासूने मला पकडलं. नियम साधा होता: गाड्या चढायचा रॅम्प पूर्ण वर आल्याखेरीज बोट हलता कामा नये. रॅम्प वर यायला किती सेकंद लागतात ते मोजून मी बोट मोकळी करत होतो. चाचणीने रॅम्प अर्धा उचलला, पुन्हा खाली सोडला, पुन्हा उचलला. माझी सेकंदांची मोजणी पहिल्या उचलण्यापासूनच चालू राहिली आणि रॅम्प अर्ध्यात असताना बोट निघाली. संगणकातच निघाली, पण निघाली.

माझा पारा चढला. "असं कोण करतं? नियमात लिहून टाक, एकदा उचललेला रॅम्प परत खाली येत नाही. होईल चाचणी पास." साहेबांना तर मी आधीच सांगून मोकळा झालो होतो, की माझं काम बरोबर आहे, सुजाताचे नियमच चुकलेत. हे तिच्या कानावर गेलं होतं. ती इतकंच म्हणाली, "चल, बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याच्या जेटीवर जाऊन बसलो. खाडीपलीकडच्या दिघीच्या दोन फेऱ्या सुरळीत सुटल्या. मी तिच्याकडे मिशीतल्या मिशीत हसत बघत होतो. तिसऱ्या बोटीचा रॅम्प वर जाऊ लागला आणि एक स्कूटर हात करत आली, मागे एक म्हातारी. खलाशाने रॅम्प थांबवला, खाली घेतला. "या चाची, सावकाश!" मग पुन्हा वर. बोट परतल्यावर सुजाताने त्याला विचारलं, असं नेहमी होतं का? "व्हय मॅडम, रोजचाच हाय. मागं राह्यलेल्याला टाकून कसा जायाचा?"

मी गुपचूप प्रोग्राम दुरुस्त केला. सेकंद मोजणं सोडलं आणि रॅम्प खरोखर वर टेकल्याची खूण मिळाल्यावरच बोट मोकळी करू लागलो. पण चूक माझी होती आणि मी ती तुझ्यावर ढकलली, हे वाक्य काही तोंडातून निघालं नाही. पुढे कितीतरी वर्षं एका डब्यात जेवलो, तिच्या सुकटीच्या चटणीवर ताव मारला, भांडलो... तिने विषय काढला नाही आणि माझं नाक कायम वर. आज त्याची लाज वाटते.

तिच्या पुण्यानुमोदनाला, बौद्ध रीतीच्या त्या शेवटच्या विधीला गेलो तेव्हा गुरुजींनी मला तिच्या खोलीत नेलं. टेबलावर वह्या होत्या. नियम गणितात घालण्याआधी ती तो साध्या मराठीत लिहायची आणि समोर तो कुणामुळे सुचला त्याचं नाव, हे मला तिथेच कळलं. मी रॅम्पचं पान शोधलं. 'रॅम्प कितीही वेळा परत खाली येऊ शकतो, कारण उशिरा आलेल्यासाठी माणसं थांबतात.' समोर त्या खलाशाचं नाव असणार, याची मला खात्री होती. तिथे माझं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'असं कोण करतं, हे त्याने विचारलं म्हणून आम्ही बघायला गेलो.'

मला रडू आवरेना. "गुरुजी, तेव्हा चूक माझी होती. मी ती हिच्या माथी मारली."

गुरुजी गोंधळले. "आमच्याकडं तर ती सांगायची, हा नियम तुझा म्हणून."

वही अजून तिच्या टेबलावरच आहे. मागून घ्यायचा मला धीर झाला नाही.