ज्वारीचा उंडा, कणकेचा गोळा

छापून आलेल्या लेखावर नातीचं नाव नव्हतं. तिच्या सरांचं होतं आणि खाली सरांच्या भाच्याचं. नातीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही, पण चित्र ओळखलं. एक मोठा गोळा, एक लहान, मध्ये बारीक मान. ते माझ्या परातीतलं होतं.

नात त्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे किती जोरात पळतात, याचं गणित ती संगणकावर मांडायची. मला समजावताना म्हणाली, "आजी, अणू आधी लांबतो, मधी बारीक होतो, मग तुटतो. तुकडे एकमेकाला ढकलतात. आखूड असताना तुटला तर धक्का मोठा, लांबून तुटला तर कमी."

मी म्हटलं, "मग ज्वारीचा उंडा अन् कणकेचा गोळा ओढून बघ की. ज्वारी लगेच तुटती, कणीक लांबत जाती."

ती उठून संगणकापुढं बसली. सगळे अणू एकाच तऱ्हेनं तुटतात असं धरल्यामुळं तिचं गणित अडलं होतं. तिनं दोन तऱ्हा धरल्या आणि गणित प्रयोगातल्या आकड्यांशी जुळलं.

मग सर आमच्या गावी, साखऱ्याला, घरी आले. पिठलं-भाकरी पोटभर जेवले. मी दोन्ही पिठं ओढून दाखवली.

"आजी, तुम्हालाच डॉक्टर केलं पाहिजे."

"आधी तिला करा," मी म्हटलं.

निघताना त्यांनी नातीचं सगळं गणित असलेला पेन ड्राइव्ह मागितला, नुसता बघायला. "लिहून झालं की देते, सर," ती म्हणाली. आमच्याकडं दारी आलेल्या गुरूला नाही म्हणत नाहीत. नारळ-टॉवेल देऊन झाला होता, तरी मीच तिला दटावलं, "गुरूला काहून न्हाई म्हणून राहिलीस? दे."

तिनं दिला.

लेख पाहिल्यावर मी नातीकडून सरांना फोन लावून घेतला.

"अहो आजी, कल्पना काय, कुणालाही सुचते."

"सुचती की. पण तुमी भाकर खाल्ली अन् घरचे वासे मोजले."

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्याच्या नावावर छापलेलं काम तिला आपलं म्हणून दाखवता येईना. तिनं विद्यापीठ सोडलं. आता गावातच शिकवण्या घेते. परातीजवळ येत नाही.

भोगलं तिनं. "दे" म्हणणारी मी होते.